डेटाशीटमधली '१/१० ड्यूटी' नक्की कशाची? (कबड्डीचा धावफलक)

चढाईपटू | शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या मंडळाची कबड्डी स्पर्धा आहे. (डेटाशीट म्हणजे भाग बनवणाऱ्याने दिलेला माहितीचा कागद.) दरवर्षी पाटीवर खडूने गुण लिहितो, या वर्षी इलेक्ट्रॉनिक धावफलक करतो असं मीच मोठ्या तोंडाने सांगून बसलो.

आकडे आठ. दोन संघांचे दोन-दोन आणि घड्याळाचे चार. प्रत्येक सेगमेंटमध्ये (आकड्याच्या सात पट्ट्यांपैकी एकीत) ५ मिमीचे चार लाल एलईडी सीरिजमध्ये, सप्लाय १२ व्होल्ट. आठही आकडे मल्टिप्लेक्स करायचे, म्हणजे एका वेळी एकच आकडा पेटतो. प्रत्येकाला १ मिलिसेकंद, आणि ८ मिलिसेकंदांत फेरी पूर्ण. सेगमेंट ओढायला यूएलएन २००३ ही ड्रायव्हर चिप, आकडा निवडायला वरच्या बाजूला स्विच म्हणून आयआरएफ ९५४०एन हा पी-चॅनल मॉस्फेट.

अडलंय दोन ठिकाणी.

एक, एलईडीच्या डेटाशीटमध्ये सतत करंट २० मिलिअँप आणि पीक करंट १०० मिलिअँप दिलाय. पीकखाली बारीक अक्षरात '१/१० ड्यूटी, ०.१ मिलिसेकंद पल्स'. माझी ड्यूटी, म्हणजे फेरीतला चालू असण्याचा हिस्सा, १/८ म्हणजे १२.५ टक्के. एवढ्याशा फरकाने काय होणार?

दोन, मॉस्फेटच्या डेटाशीटमध्ये खाली टीप आहे: 'पल्स रुंदी ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत, ड्यूटी सायकल २ टक्क्यांपर्यंत.' मग २३ अँपिअरचा हा मॉस्फेट मी १२.५ टक्क्यांवर वापरूच शकत नाही का? तसं असेल तर लोक तो इन्व्हर्टरमध्ये कसा वापरतात?

---

बुधवारपेठी | शुक्रवार, रात्री १०:३१

फार विचार करताय. सरासरी काढा. १०० भागिले ८ म्हणजे १२.५ मिलिअँप. सततची मर्यादा २०. बिनधास्त चालवा.

---

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:४८

बुधवारपेठी, सरासरीचा हिशेब चुकीचा नाही, अर्धा आहे. रोज दोन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाची महिन्याची सरासरी साठ. म्हणून एक तारखेला साठ भाकऱ्या वाढून 'आता महिनाभर येऊ नकोस' म्हटलं तर हिशेब जुळतो, माणूस राहत नाही.

चढाईपटू, तुमची नजर १/१० वर अडकलीय. त्याच्या शेजारचा ०.१ मिलिसेकंद जास्त महत्त्वाचा. ड्यूटीत तुम्ही सव्वा पट पुढे आहात, पल्सच्या रुंदीत दहा पट. आणि त्या दोन अटी 'किंवा'ने नाही, 'आणि'ने जोडलेल्या आहेत.

हे असं का, ते स्वयंपाकघरात दिसतं. फोडणीचं कढलं आचेवर ठेवलं की काही सेकंदांत धूर काढतं. तवा तापायला दोन-चार मिनिटं लागतात. पाण्याचा बंब तापायला अर्धा तास. एलईडीच्या किंवा मॉस्फेटच्या आत हे तिन्ही एकाला एक चिकटून बसलेले असतात. सिलिकॉनचा कण (एलईडीत वेगळा पदार्थ, पण गोष्ट तीच) म्हणजे कढलं. त्याच्याखालचा तांब्याचा तुकडा किंवा पाय म्हणजे तवा. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) किंवा पीसीबी म्हणजे बंब. उष्णता कढल्यात जन्मते आणि तव्यातून बंबाकडे जाते.

सरासरी फक्त बंबाला कळते. कढल्याला कळतो तो प्रत्येक पल्स. पल्स इतका छोटा असेल की कढलं तापायच्या आत संपला, तर सरासरी धरून चालतं. तो लांबला तर प्रत्येक पल्सगणिक कढलं वर जातं आणि खाली येतं. सरासरी तापमान सुरेख दिसत असताना शिखर मर्यादेपलीकडे गेलेलं असतं.

आता तुमचा एलईडी. १०० मिलिअँपला त्याचा व्होल्टेज २ वर राहत नाही, २.४-२.५ पर्यंत चढतो. म्हणजे पल्स चालू असताना पाव वॅट. २० मिलिअँपला हाच एलईडी ४० मिलिवॅट खातो. सहापट ताकद, १ मिलिसेकंदभर, मोहरीएवढ्याही नसलेल्या कणात. मरेल का? बहुधा लगेच नाही. पण बनवणाऱ्याने ज्याची हमी दिलीय त्याच्या तुम्ही बाहेर आहात. शिवाय लाल एलईडीचा कण तापला की उजेड पडतो कमी, म्हणजे पाचपट करंट देऊन पाचपट उजेड मिळतच नाही.

आणखी एक. पीक करंटवर फक्त उष्णतेची मर्यादा नसते. कणाला जोडणारी सोन्याची तार केसाहून बारीक असते, आणि कणाच्या आत करंट सगळीकडे सारखा पसरत नाही. त्यामुळे ड्यूटी १/१०० केली म्हणून करंट १ अँपिअर करता येत नाही. १०० हा १०० च.

---

फेज_न्यूट्रल | शनिवार, सकाळी ७:०५

मी फॅब्रिकेशनवाला, तुमच्या सेमीकंडक्टरातलं फार कळत नाही. पण ड्यूटी सायकल आमच्या वेल्डिंग मशिनवर पण असते. '२०० अँपिअर, ६०%'. म्हणजे १० मिनिटांपैकी ६ मिनिटं वेल्डिंग, ४ मिनिटं विश्रांती. नवीन पोरं सहा तास चालवून चार तास बंद ठेवायचं समजतात. 😄 हे तसलंच का?

---

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ८:२०

फेज_न्यूट्रल, तुम्ही एका ओळीत जे सांगितलंत त्यासाठी मी रात्री पानभर लिहिलं.

अगदी तेच. वेल्डिंग मशिनच्या स्टँडर्डने १० मिनिटांची फेरी आणि ४० अंश हवा ठरवून टाकलीय, म्हणून नुसतं '६०%' लिहिलं तरी भागतं. तिथे तापणारी वस्तू किलो-किलोचं तांबं आणि लोखंड. सेमीकंडक्टरमध्ये फेरी अशी ठरलेली नाही, म्हणून टक्क्यासोबत पल्सची रुंदी नसेल तर तो टक्का निरर्थक.

एक उपयोगी फरक सांगतो. तुमच्या मशिनमध्ये तांब्याचं तापणं करंटच्या वर्गावर चालतं. म्हणून २०० अँपिअर ६० टक्क्यांवर असेल तर अखंड चालवायला ढोबळमानाने २०० गुणिले ०.६ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १५५ अँपिअर. १२० नाही. मॉस्फेटही चालू असताना रेझिस्टरसारखा असतो, त्यालाही वर्गाचा हिशेब, म्हणजे आरएमएस. एलईडी, डायोड किंवा साधा ट्रान्झिस्टर यांच्यावर व्होल्टेज जवळपास ठरलेला राहतो, म्हणून तिथे सरासरी करंट. लोक सर्रास उलटं लावतात.

---

ओळंबा | शनिवार, सकाळी ११:१०

चढाईपटूंच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. मी टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे ही टीप माझ्या रोजच्या जेवणातली.

डेटाशीटमध्ये दोन वेगळे तक्ते असतात आणि ते वेगळी भाषा बोलतात. पहिला 'अॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज'. यापलीकडे जाल तर जबाबदारी तुमची. दुसरा 'इलेक्ट्रिकल कॅरॅक्टरिस्टिक्स'. यात आम्ही कसं मोजलं ते लिहिलेलं असतं. तुमची ३०० मायक्रोसेकंद आणि २ टक्क्यांची टीप कुठल्या तक्त्यातल्या आकड्यांशी जोडलीय ते छोटा क्रमांक धरून शोधा. ती दुसऱ्या तक्त्यात आहे. चालू असतानाचा रेझिस्टन्स ०.११७ ओहम, ११ अँपिअरला मोजलेला, त्या ओळीजवळ.

आता गंमत बघा. ११ अँपिअर सतत सोडले तर ११ × ११ × ०.११७ म्हणजे १४ वॅट. टेस्टरच्या सॉकेटात हीटसिंक नसतो. उघड्या टीओ-२२० ला (मॉस्फेटच्या या आकाराच्या डब्याला) हवेत दर वॅटमागे ६२ अंश चढतात. १४ गुणिले ६२ म्हणजे कागदावर ८७० अंश. अर्थात त्याआधीच तो मेलेला असेल. आणि मेला नाही तरी मोजलेला रेझिस्टन्स २५ अंशांचा नसेलच, कारण मॉस्फेट तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. मग आम्ही काय करतो? ३०० मायक्रोसेकंदात करंट सोडायचा, मोजायचं, बंद. पुढचा पल्स किमान १५ मिलिसेकंदांनी. ३०० मायक्रोसेकंद आणि १५ मिलिसेकंद, झाले २ टक्के. कण जवळपास खोलीच्याच तापमानाला राहतो.

म्हणजे ती टीप आमच्या टेबलाची आहे, तुमच्या सर्किटची नाही. तुमच्या मॉस्फेटमधून जाणार सात सेगमेंटचे मिळून ७०० मिलिअँप. ०.७ × ०.७ × ०.११७ म्हणजे ५७ मिलिवॅट, तेही आठव्या भागापुरते. त्याला कळणारही नाही की तो कामावर आहे.

थोडं अवांतर: नव्या मुलांच्या मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारते. बरेच जण २ टक्के ही वापराची मर्यादा सांगतात. इंटरनेटवरही तेच पसरलंय.

---

तापता_अकोला | शनिवार, दुपारी १:४०

मग खरी पल्स मर्यादा कुठे बघायची? माझ्याकडे आयआरएफ ५४०एन आहे. सतत ३३ अँपिअर, पल्स ११० अँपिअर. दुकानदार '११० अँपिअरचा' म्हणून देतो. ११० समोरची टीप म्हणते, 'पल्सची रुंदी जंक्शनच्या (म्हणजे आतल्या कणाच्या) कमाल तापमानाने मर्यादित.' हे म्हणजे 'परवडेल तेवढं खर्च करा' म्हटल्यासारखं झालं. आकडा कुठाय?

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी ३:१५

आकडा नाही, कारण आलेख आहे. डेटाशीटच्या मधल्या पानांत 'ट्रान्झियंट थर्मल इम्पिडन्स' नावाचा, डावीकडून उजवीकडे चढणाऱ्या रेघांचा. बहुतेक जण ते पान उलटून पुढे जातात. माझ्या मते अख्ख्या डेटाशीटमध्ये तेवढं एकच पान प्रिंट काढून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

आडव्या अक्षावर पल्सची रुंदी, उभ्यावर 'दर वॅटमागे कण किती अंश चढेल'. अगदी उजवीकडे रेघ सपाट होते, तो सततचा आकडा. ५४०एनला जंक्शन ते केस (बाहेरचं आवरण) १.१५ अंश दर वॅट. डावीकडे जाल तसा आकडा कोसळतो, कारण कढलं तापायला वेळच मिळत नाही. वेगवेगळ्या ड्यूटीच्या रेघा वेगळ्या काढलेल्या असतात. आलेख वाचायचा कंटाळा असेल तर ढोबळ सूत्र असं:

शिखर वाढ = वॅट × [ड्यूटी × सततचा आकडा + (१ − ड्यूटी) × एकट्या पल्सचा आकडा]

४० अँपिअरचा पल्स धरू, ड्यूटी १० टक्के. रेझिस्टन्स २५ अंशांना ४४ मिलिओहम असतो, गरम झाल्यावर दुप्पट म्हणून ८८ धरू. ४० चा वर्ग गुणिले ०.०८८, म्हणजे १४० वॅट. हीटसिंक चांगला आहे आणि केस ६० अंशांवर टिकलंय असं समजा.

पल्स १ मिलिसेकंद, फेरी १० मिलिसेकंद. एकट्या पल्सचा आकडा समजा ०.२ आहे (तुमच्या डेटाशीटवर पट्टी लावून बघा). १४० × (०.११५ + ०.१८) म्हणजे सुमारे ४१. जंक्शन १०१ अंश. मर्यादा १७५. आरामात.

आता ड्यूटी तीच १० टक्के, पण पल्स १ सेकंद, फेरी १० सेकंद. १ सेकंदापर्यंत रेघ सपाट झालेली असते, म्हणजे पूर्ण १.१५. १४० × १.१५ म्हणजे १६१. अधिक ६०. २२१ अंश. गेला.

दोन्हीकडे सरासरी ताकद १४ वॅट आणि सरासरी वाढ १६ अंश. दोन्हीकडे ड्यूटी १० टक्के. एक वर्षानुवर्षं चालतो, दुसऱ्याला पहिलाच पल्स भारी पडतो.

राहिला ३३ अँपिअरचा सततचा आकडा. तो केस २५ अंशांवर धरलं तर. अकोल्यात मे महिन्यात डब्याच्या आत २५ अंश कुठून आणणार? केस १०० अंशांवर गेलं तर तीच डेटाशीट २३ अँपिअर म्हणते. आणि तेही हीटसिंकसकट.

---

तापता_अकोला | शनिवार, दुपारी ४:०२

मे महिन्यात आम्हीच डीरेट होतो हो. 🙏 पान सापडलं. १ मिलिसेकंदाला पट्टी लावतो आता.

---

बुधवारपेठी | शनिवार, संध्याकाळी ६:२५

ओके, माघार. माझा 'बिनधास्त' मागे घेतो. पण मग यूएलएन २००३ चं काय? ५०० मिलिअँपचे सात चॅनल, याच्याकडे १०० चे सात. तिथे तरी ड्यूटीची भानगड नाही ना?

---

ओळंबा | शनिवार, रात्री ९:०५

तिथेही आहे! ५०० मिलिअँप एका चॅनलला, सगळ्यांना एकदम नाही. सातही चॅनल चालू असताना किती करंट किती ड्यूटीला चालेल याचे आलेख त्याच्या डेटाशीटमध्ये दिलेत. चॅनल वाढतील तशी रेघ खाली येते, कारण सातही जण एकाच चिमुकल्या काळ्या डब्यात तापतात. आत डार्लिंग्टन जोडी (एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) आहे, त्यामुळे १०० मिलिअँपला प्रत्येकावर सुमारे ०.९ व्होल्ट पडतात. सातांचे मिळून ०.६ वॅटच्या आसपास. इथे एक मेख आहे. मल्टिप्लेक्समध्ये आकडे आळीपाळीने बदलतात, पण सेगमेंटचा यूएलएन मात्र एकच, तो दर वेळी कामावर असतो. आठही आकड्यांवर '८' दाखवत असाल तर त्याची ड्यूटी १/८ नाही, जवळपास १०० टक्के. हे कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

मॅक्स ७२१९ मध्ये याच्या उलटी गंमत. तो चिप आठ आकडे आळीपाळीने फिरवतो, सेकंदाला साधारण ८०० फेऱ्या. म्हणजे एकेका आकड्याला दीडशे-एक मायक्रोसेकंद. पण तीन किंवा कमी आकडे जोडले तर सेगमेंटचा करंट उतरवावा लागतो. तीन आकड्यांना ३० मिलिअँप, दोनांना २०, एकाला १०. आकडे कमी झाले की प्रत्येक आकड्याच्या ड्रायव्हरची विश्रांती कमी होते, आणि तो ड्रायव्हर चिपच्या आतच असतो.

---

रिमोटवाला | रविवार, सकाळी ९:५०

धागा हायजॅक करतोय, माफी असावी. मी टीव्हीच्या रिमोटचा पल्ला वाढवायला टीएसएएल ६२०० या इन्फ्रारेड एलईडीला १ अँपिअर द्यायचं म्हणतोय. डेटाशीटमध्ये सतत १००, पीक २०० (अर्धी ड्यूटी, १०० मायक्रोसेकंद) आणि सर्ज १.५ अँपिअर (१०० मायक्रोसेकंद). माझा पल्स ३८ किलोहर्ट्झचा, ड्यूटी एक तृतीयांश, म्हणजे जेमतेम ९ मायक्रोसेकंद. १०० पेक्षा कितीतरी कमी. शिवाय रिमोट बहुतेक वेळ गप्पच असतो. चालेल ना?

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ११:३०

हायजॅक कसला, हेच या धाग्याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. तुमच्याकडे एक नाही, तीन ड्यूटी सायकल एकात एक बसल्यात.

एनईसी प्रोटोकॉल (रिमोटची एक नेहमीची संदेश-पद्धत) धरतो. आतली ड्यूटी ३८ किलोहर्ट्झची, एक तृतीयांश. मधली ड्यूटी संदेशाची. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग ५६० मायक्रोसेकंदांचे ३३ छोटे झोत. एकूण झोत साडेसत्तावीस मिलिसेकंद, आणि संदेशाची फेरी १०८ मिलिसेकंदांची. म्हणजे सुमारे २५ टक्के. बाहेरची ड्यूटी, बटण किती वेळ दाबलंय ती.

सगळं गुणलं तर एका संदेशात सरासरी ८५ मिलिअँप येतात, १०० च्या खाली. छान वाटतं ना? आता त्या पहिल्या ९ मिलिसेकंदांकडे बघा. तेवढ्या वेळात कण गप्प नसतो, ९ मायक्रोसेकंद चालू आणि १७-१८ मायक्रोसेकंद बंद असं सलग साडेतीनशे वेळा होतं. कढल्याच्या दृष्टीने ते ९ मिलिसेकंदांचं एकसंध तापवणं, सरासरी ३३३ मिलिअँपचं. सततच्या मर्यादेच्या तिप्पट. ९ मिलिसेकंद म्हणजे १०० मायक्रोसेकंद नव्हेत.

आणि सर्जचा १.५ अँपिअर विसरा. सर्ज म्हणजे कधीतरी एकदा, अपघाताने. १एन४००७ वर ३० अँपिअर सर्ज लिहिलेलं असतं, ते सप्लाय चालू करताना कपॅसिटर भरतो त्या अर्ध्या सायकलसाठी. त्याला कोणी ३० अँपिअरचा डायोड म्हणत नाही.

पल्सच्या रुंदीनुसार किती करंट चालेल याचा आलेख त्याच डेटाशीटमध्ये आहे, तो बघा. मी स्वतः दोन एलईडी सीरिजमध्ये घालून २०० मिलिअँप दिला असता आणि ड्यूटी एक चतुर्थांश केली असती. पल्ला वाढवायचाच असेल तर लेन्स लावा, ती तापत नाही.

---

चढाईपटू | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, वाईट बातमी. तुमचं सगळं वाचूनही मी शहाणपणा केला. बोर्ड आधीच जोडून झाला होता, म्हणून म्हटलं १०० मिलिअँपवर एकदा बघू तरी. दीड तास झकास चालला. मी जेवायला उठलो. परत आलो तर खोलीत जळका वास, सगळा फलक काळा, एकच आकडा पेटलेला, तोही अर्धवट. तीन सेगमेंट कायमचे गेले.

कारण शोधलं. घड्याळाच्या चिपकडे जाणारी वायर लांब होती. तिथे कुठेतरी संवाद अडकला आणि प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत जागच्या जागी उभा राहिला. फिरणं थांबलं. जो आकडा त्या क्षणी चालू होता तो चालूच राहिला. १/८ ची झाली १/१.

---

फेज_न्यूट्रल | सोमवार, रात्री ११:३४

म्हणजे पोराने ट्रिगर दाबला आणि झोपला.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:४०

हे मी आधीच लिहायला हवं होतं, चूक माझी. ड्यूटीच्या भरवशावर पीक करंट दिला की तुमचा प्रोग्रॅम हाच फ्यूज होतो. आणि प्रोग्रॅम फ्यूजसारखा उडत नाही, अडकतो.

एक विचारतो, रेझिस्टर किती ओहमचा होता?

---

चढाईपटू | मंगळवार, सकाळी ८:१०

१५. चार एलईडीचे ९.६, यूएलएनचे ०.९, उरले दीड व्होल्ट. दीड भागिले ०.१.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८:५५

मग आगीत तेल पडलं. एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. ५० अंश चढला तर चारांचे मिळून ०.४ व्होल्ट. हे ०.४ जातात थेट रेझिस्टरवर, आणि १५ ओहमला त्याचे २७ मिलिअँप जास्त होतात. जास्त करंट, जास्त ताप, आणखी जास्त करंट. रेझिस्टरवर दीडच व्होल्ट ठेवले की लगाम हातात राहत नाही.

उपाय दोन आहेत. मायक्रोकंट्रोलरचा वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की रीसेट करणारा टायमर) चालू करा. एटीमेगा ३२८पी मध्ये तो १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत लावता येतो. तुम्हाला सगळ्यात छोटाच लागेल, ८ सेकंदांचा वॉचडॉग म्हणजे शेत लुटल्यावर भुंकणारा कुत्रा. रीसेट झाल्यावर पिना मोकळ्या सुटतात, म्हणून मॉस्फेटच्या गेटला तो बंद ठेवणारा रेझिस्टर हवाच. दुसरा उपाय हार्डवेअरचा. फिरण्याच्या सिग्नलवर चालणारा मोनोस्टेबल लावा, सिग्नल थांबला की तो स्वतःहून सगळा फलक बंद करतो. सॉफ्टवेअरवर विश्वास नसणाऱ्या माझ्यासारख्यांचा हा आवडता.

---

ओळंबा | मंगळवार, सकाळी १०:२०

तिसरा उपाय, मल्टिप्लेक्स करूच नका. आठच तर आकडे आहेत. प्रत्येक आकड्याला एक टीपीआयसी ६बी५९५. शिफ्ट रजिस्टर (एका वायरीवरून आलेले बिट धरून ठेवणारा भाग) आणि ड्रायव्हर एकाच चिपमध्ये, प्रत्येक आउटपुट १५० मिलिअँप सतत, ५० व्होल्टपर्यंत. मायक्रोकंट्रोलरपासून तीन-चार वायरी, आणि चिप एकामागे एक साखळीत. प्रोग्रॅम अडकला तर आकडा थिजेल, जळणार नाही. मल्टिप्लेक्सिंग पिना वाचवण्यासाठी असतं, उजेड वाढवण्यासाठी नाही.

---

चढाईपटू | पुढचा रविवार, रात्री १२:१०

उशिरा लिहितोय, आत्ताच मैदानावरून आलो.

ओळंबाताईंचं ऐकलं. आठ टीपीआयसी, प्रत्येक सेगमेंटला २२० ओहम, करंट साधारण १८ मिलिअँप सतत. रेझिस्टरवर आता चार व्होल्टांच्या आसपास पडतात, त्यामुळे एलईडी तापले तरी करंट दोनेक मिलिअँपच हलेल. आठही आकड्यांवर ८ आले तर ५६ सेगमेंट, सगळे मिळून जेमतेम १ अँपिअर. उजेड आधीपेक्षा जास्तच वाटतोय. १०० च्या आठव्या भागापेक्षा १८ सरळ जास्त, हे मला आधी का सुचलं नाही देव जाणे. दुपारच्या सामन्यांना मात्र वरून पुठ्ठ्याची झडप लावावी लागली, उन्हात लाल रंग दिसत नव्हता.

दुसऱ्या उपांत्य सामन्यात घड्याळ १७:४२ वर थिजलं. वायर तीच, अजून बदललेली नाही. पंचांनी हातातल्या घड्याळावर सामना पुरा केला. एलईडी सगळे शाबूत.

नको असलेले आठ आयआरएफ ९५४०एन उरलेत, एकदाच वापरलेले. कोणाला हवेत?

---

फेज_न्यूट्रल | पुढचा सोमवार, सकाळी ७:०१

आठही मला. पत्ता व्यनि करतो. आणि त्या लांब वायरीला शील्ड घाला आता.